काचेचे डबे: वाद कुठवर आला?

भांड्यांच्या दुकानात पूर्वी दोनच गोष्टी विचारल्या जायच्या: वजन किती, आणि नाव घालून मिळेल का. काचेच्या डब्यांच्या फळीसमोर उभं राहिलं की मात्र प्रश्न संपत नाहीत. बोरोसिलिकेट की टेम्पर्ड? मायक्रोवेव्हला चालतो का? झाकणासकट, की झाकण काढून? फ्रीजरमध्ये ठेवला तर? चौकोनी घ्यावा की गोल? दुकानदाराकडे या सगळ्यावर एकच उत्तर असतं, "चालतो हो, सगळ्याला चालतो."

सगळ्याला चालतो असा डबा अजून कुणी बनवलेला नाही. काचेच्या डब्यांवर शास्त्रज्ञ, कारखानदार, पर्यावरणवाले आणि रोज ओट्यापाशी उभी राहणारी माणसं असे सगळेच बोलत असतात, आणि बहुतेक वेळा एकमेकांचं न ऐकता. कोण काय म्हणतं आणि त्यातलं कितपत पक्कं आहे, ते इथे एकदा लावून पाहू.

बरणीपासून डब्यापर्यंत

आपल्या स्वयंपाकघराला काच अनोळखी नव्हती, पण ती फार आतवर आलेलीही नव्हती. लोणच्याला, मुरांब्याला चिनी मातीची बरणी आणि वर बांधलेला दादरा. धान्याला, पिठाला पितळी डबे, पुढे पत्र्याचे. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं हे आजीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. भांडं अन्नाला काय करतं, हा आजच्या चर्चेतला मुख्य प्रश्न तिने आपल्यापुरता सोडवून टाकला होता.

महाराष्ट्रात काच तयार होऊ लागली ती स्वदेशीच्या वाऱ्यावर. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना काढला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि त्या जागेला ओगलेवाडी हेच नाव पडलं. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. स्वयंपाकघरात मात्र काच विकत आणून ठेवलेली फारशी नसे, ती उरलेली असे. हॉर्लिक्स संपलं की त्या बाटलीत साबुदाणा, जॅम संपला की त्यात वेलची. मग स्टील आलं आणि सगळं फडताळ चकचकीत झालं. नव्वदीत पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या आल्या. १९९६ साली टपरवेअर भारतात आलं आणि घरोघरच्या बैठकींतून डबे विकले जाऊ लागले. त्याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर काचेच्या डब्यांची फळी दुकानात पुढे सरकली होती.

महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलवर बंदी घातली. तिचा स्वयंपाकघरातल्या डब्यांशी काही संबंध नव्हता, पण "प्लास्टिक" या शब्दाला एक काळी कड लागली ती लागलीच.

कोणती काच?

इथला वाद सगळ्यात जुना आणि सगळ्यात तांत्रिक. तो समजायला कंदीलच बरा. ज्यांनी कंदील वापरला आहे त्यांना आठवत असेल, तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की काच तडकायची. काचेतून उष्णता सावकाश जाते. थेंब पडतो ती जागा पटकन गार होऊन आकसते, आजूबाजूची काच अजून तापलेली आणि फुगलेली असते. या ओढाताणीत काच हरते, कारण काच दाब पुष्कळ सोसते पण ताण सोसत नाही.

अमेरिकेतल्या रेल्वेला नेमकी हीच अडचण होती. सिग्नलच्या तापलेल्या दिव्यांवर पाऊस किंवा बर्फ पडला की काचा फुटायच्या. जर्मनीत येना इथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉन घातलेली काच तयार केली होती. कॉर्निंग या अमेरिकी कंपनीने तशा जातीची काच दिव्यांसाठी बनवली. १९१३ साली तिथले एक शास्त्रज्ञ जेसी लिटलटन बॅटरीच्या काचेच्या भांड्याचा कापलेला तळ घरी घेऊन गेले आणि त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजून दिला. त्यातून १९१५ साली पायरेक्सची भांडी बाजारात आली. भारतात १९६२ साली सुरू झालेल्या बोरोसिलची सुरुवात कॉर्निंगच्याच सहकार्याने झाली.

साधी, म्हणजे सोडा-लाइम काच (खिडकीची, बाटलीची, जॅमच्या बरणीची) तापल्यावर जेवढी फुगते, त्याच्या साधारण एक-तृतीयांशच बोरोसिलिकेट काच फुगते. फुगणं कमी म्हणून ओढाताण कमी, म्हणून तडकण्याची भीती कमी. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही.

दुमत पुढे आहे. साध्या काचेला बळकट करण्याचा दुसरा रस्ता म्हणजे टेम्परिंग. तापलेल्या काचेचा पृष्ठभाग वाऱ्याने झटकन गार करायचा. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसत बाहेरच्याला आवळून धरतो, आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. असा डबा ठेच, आपट जास्त सोसतो. अमेरिकेत पायरेक्सची भांडी अशा साध्या पण बळकट केलेल्या काचेची होऊ लागली तेव्हा तिथे मोठी चर्चा झाली. ब्रॅट आणि मार्टेन्स या दोन अभ्यासकांनी २०१२ साली अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या मासिकात गणित मांडलं. त्यात साध्या काचेला एकदम सोसेल असा तापमानातला फरक सुमारे ५५ अंश सेल्सिअस निघाला आणि बोरोसिलिकेटला सुमारे १८३. उत्पादकांचं उत्तर असं, की घरात काच फुटते ती बहुतेक वेळा हातातून पडून किंवा आपटून, आणि तिथे टेम्पर्ड काच सरस ठरते.

दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. ओव्हन हे ज्यांच्या स्वयंपाकाचं मुख्य साधन, त्यांना पहिली भीती मोठी. आपल्याकडे ओव्हन थोडक्यांकडे. पण गणित आपल्या ओट्यावरही लावता येतं. नुकती उकळी आलेली आमटी साध्या तापमानाच्या डब्यात ओतली तर फरक सत्तरेक अंशांचा होतो. फ्रीजमधल्या डब्यात ओतली तर नव्वदीच्या पुढे. दर वेळी डबा तडकतो असं नाही. काचेची जाडी, कडेवरचा एखादा ओरखडा, ओतण्याचा वेग यांवर बरंच अवलंबून असतं. म्हणूनच "आमच्याकडे दहा वर्षं काही झालं नाही" आणि "पहिल्याच आठवड्यात गेला" हे दोन्ही अनुभव खरे असतात.

फुटण्याची तऱ्हाही वेगळी. पुरती टेम्पर केलेली काच फुटली की खडीसाखरेसारखे बारीक तुकडे होतात, बोरोसिलिकेटचे मोठे आणि धारदार. कशाने कमी लागतं यावर लोक भांडतात. माझ्यापुरतं सांगायचं तर मोठे तुकडे गोळा करायला सोपे. भातात बारीक कण गेलाय का या शंकेने पातेलंभर भात टाकून देण्याची वेळ ते आणत नाहीत.

ग्राहकाची खरी पंचाईत ओळखण्यात आहे. आपल्याकडे "बोरोसिल" हे काचेच्या डब्याचं सरसकट नाव झालंय, जसं वनस्पती तुपाचं "डालडा". नाव एका कंपनीचं, काचेच्या जातीचं नव्हे. त्याच कंपनीची पांढरी ओपलची ताटंवाट्या बोरोसिलिकेटच्या नसतात. कडेने पाहिल्यावर हिरवट झाक दिसली तर काच साधी असण्याचा संभव जास्त, आणि त्याच मापाचा बोरोसिलिकेटचा डबा सहसा थोडा हलका लागतो. घरी एक गंमत करून पाहता येते. काचेची छोटी कोरडी वाटी पारदर्शक भांड्यात ठेवून वरून सूर्यफुलाचं तेल ओतायचं. बोरोसिलिकेट असेल तर वाटी तेलात जवळजवळ दिसेनाशी होते, कारण दोघांचाही अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो. साध्या काचेचा १.५२, तिची कड दिसत राहते. तेल अर्थातच नंतर फोडणीला.

प्लास्टिकचं नेमकं काय चुकलं?

काचेकडे वळलेल्या बहुतेकांना काचेचं प्रेम नसतं, प्लास्टिकची धास्ती असते. ही धास्ती दोन वेगळ्या गोष्टींची आहे आणि बोलताना त्यांची खिचडी होते.

पहिली बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, काचेसारख्या प्लास्टिकमध्ये ते असतं. भारतात बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून ते २०१५ साली मानकानेच हद्दपार झालं. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या वीस हजाराव्या भागावर आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेला ही कपात पटली नाही, तिने आपली वेगळी आणि पुष्कळ सैल मर्यादा सुचवली. पुढे युरोपीय संघाने अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंतून बीपीए काढून टाकण्याचा नियमच केला. तो जानेवारी २०२५ पासून लागू आहे. पण आपण वापरतो ते डबे बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनचे असतात (तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा), आणि त्यात मुळात बीपीए नसतंच. अशा डब्यावर "बीपीए फ्री" छापणं म्हणजे नारळावर "यात कांदा-लसूण नाही" असं लिहिण्यासारखं.

दुसरी धास्ती सूक्ष्म कणांची. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२३ साली बाळांच्या खाण्याची प्लास्टिकची भांडी मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवली. काही भांड्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म आणि दोन अब्जांहून अधिक अतिसूक्ष्म कण सुटल्याचं त्यांनी नोंदवलं. हा आकडा जगभर फिरला. इतके बारीक कण मोजायचे कसे यावरच शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही, आणि कण पोटात जाणं व त्यांनी इजा होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाचा सूरही, पुरावा अजून अपुरा आहे, असाच होता.

आणि काचेची बाजू घेणाऱ्यांनी २०२५ चा एक फ्रेंच अभ्यासही वाचावा. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेला शीतपेयं, बिअर अशा पेयांत काचेच्या बाटल्यांमध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांपेक्षा जास्त सूक्ष्म कण सापडले. कण काचेतून आले नव्हते. बुचांना बाहेरून दिलेला रंग एकमेकांवर घासून सुटला होता.

प्लास्टिकबद्दल सगळ्यांना मान्य असलेलं मत एकच आहे: त्यात गरम करू नका, गरम ओतू नका. कोरडे पोहे, रवा, डाळी प्लास्टिकच्या डब्यात असल्या तर घाबरून ते फेकून देण्याइतकं कुठल्याही अभ्यासाने म्हटलेलं नाही. बाकी प्लास्टिकविरुद्धचा जो पुरावा घरात रोज दिसतो तो आरोग्याचा नाही, हळदीचा आहे. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरतो. वांग्याच्या रश्शाचा पिवळा-नारिंगी डाग कितीही घासला तरी जात नाही (उन्हात ठेवला तर फिका होतो, हे खरं), आणि वास तर त्याहून चिवट. काचेला यातलं काहीच लागत नाही. कालचं लसणीचं वाटण आणि आजची खीर एकाच डब्यात ठेवता येते, हा काचेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि त्याला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

स्टीलवाल्यांचं म्हणणं

या वादात तिसरा पक्ष नेहमी विसरला जातो. स्टील पडून फुटत नाही, हलकं असतं, वास धरत नाही, मोडीत घातलं तरी पैसे येतात. लग्नाकार्यात नाव घालून दिलेले डबे तीन पिढ्या चालतात. स्टीलच्या भांड्यांना २०२४ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचंही झालं आहे. त्याच्या उणिवा दोन. मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, आणि आत काय आहे ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. मीठ जास्त असलेलं लोणचं फार दिवस ठेवलं तर स्टीललाही बारीक खड्डे पडतात, पण लोणचं स्टीलमध्ये ठेवतं कोण?

उलट, आतलं दिसणं हा नेहमी गुणच असतो असंही नाही. उजेडाने लाल तिखटाचा रंग उतरतो, तेलाला खवट वास लवकर येतो. खिडकीतल्या उघड्या मांडणीवर काचेच्या बरण्यांत मसाले ओळीने लावणं छायाचित्रात छान दिसतं. गोडा मसाला बंद कपाटातच बरा.

झाकण

माझ्या मते सगळी चर्चा जिथे अडते आणि जिथे कुणी फार बोलत नाही, ती जागा ही. काच वर्षानुवर्षं टिकते. डबा निकामी होतो तो झाकणामुळे.

आजच्या काचेच्या डब्याचं झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. चारही बाजूंना खटके आणि आत खोबणीत बसवलेली सिलिकॉनची रिंग. डबा पाणी गळू देत नाही तो या रिंगमुळे. तिला नखाने ओढून बाहेर काढली की महिनाभरात खाली काय साठलंय ते दिसतं: आमटीचा ओशट थर, कधी काळे ठिपके. ती दर वेळी काढून धुवावी आणि कोरडी करून बसवावी, हे पुस्तकी उत्तर. रोज आठ डबे घासणाऱ्या घरात हे कोण करतं? रिंग काढता येते का, आणि काढल्यावर परत नीट बसते का, हे म्हणूनच खरेदीच्या वेळीच पाहायचं.

खटक्यांची बिजागरी हा दुसरा कच्चा दुवा. ती म्हणजे झाकणाचाच पातळ केलेला भाग, तोच हजारदा वाकतो आणि एक दिवस तुटतो. मायक्रोवेव्हमध्ये झाकणासकट तापवलं तर झाकण वाकतंही. आमच्याकडे तीन डब्यांच्या एका संचाचे दोन खटके सव्वा वर्षात गेले. दुकानदार म्हणाला, "झाकण सुटं येत नाही, नवा सेट घ्या." तो चौकोनी डबा अजून धडधाकट आहे आणि त्यावर स्टीलची बशी झाकण म्हणून बसते.

ज्यांनी प्लास्टिक टाळायला म्हणून काच घेतली, त्यांच्या अन्नावर प्लास्टिकचं झाकण असतंच. कोरड्या किंवा गार पदार्थाला त्याने फारसा फरक पडू नये. पण झाकण लावून गरम केलं की वाफ त्याला लागते आणि थेंब होऊन परत अन्नात पडते. उपाय सोपा आहे: गरम करताना झाकण काढून वर ताटली ठेवायची. बांबूचं झाकण साखर-चहाला ठीक, फ्रीजमधल्या ओल्या डब्याला नाही. ते ओल धरतं आणि मग बुरशी धरते. जॅमच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण लोणच्यावर लावलं तर मीठ आणि आंबटपणा ते गंजवतात. चिनी मातीच्या बरणीवर पत्रा नसायचा, कापड असायचं, यामागे एवढं कारण पुरेसं आहे.

वजन, जागा आणि भंगार

काच जड, याला उत्तर नाही. भरलेला दोन लिटरचा डबा वरच्या फळीवरून काढताना सांधे दुखणाऱ्या माणसाला काय वाटतं, ते जाहिरातीत येत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात काचेचा डबा घालावा, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. मुंबईच्या लोकलमध्येही धातूचाच डबा शहाणा.

पर्यावरणाचा हिशोब वाटतो तितका काचेच्या बाजूने नाही. काच वितळवायला दीड हजार अंशांच्या आसपास तापणारी भट्टी लागते आणि वाहतुकीत वजन मोजावं लागतं. हा खर्च तोच डबा वर्षानुवर्षं वापरला तरच भरून निघतो. किती वर्षं, याला सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. तो भट्टीच्या इंधनावर आणि तुमच्या हाताच्या जपणुकीवर ठरतो. फुटलेल्या बोरोसिलिकेटचा बाटल्यांच्या काचेत पुनर्वापर होत नाही, कारण ते त्या भट्टीच्या तापमानाला नीट वितळत नाही. ते सुक्या कचऱ्यातच जातं. जाडसर कागदात गुंडाळून वर "काच" असं लिहावं. पिशवी उघडणाऱ्या सफाई कामगाराला हात असतात.

कशाला कोणता

मतभेद बाजूला ठेवून वापराकडे पाहिलं तर निवड बरीच सोपी होते. धान्य, डाळी, पीठ यांना काच लागतेच असं नाही, स्टील पुरतं. रव्यात, बेसनात किडे होतात ते झाकणाच्या फटीतून शिरतात किंवा दुकानातूनच आलेले असतात, डबा कशाचा याने फरक पडत नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तिथे फिरकीच्या झाकणाची साधी काचेची बरणी उत्तम. लोणचं, चिंचेचा कोळ, आलं-लसणीचं वाटण, साजूक तूप यांना काच किंवा चिनी माती. बरणीचं तोंड मात्र हात आत जाईल एवढं असावं, नाहीतर तळाचा खार तळालाच राहतो.

फ्रीजमध्ये ठेवून गरम करायच्या गोष्टींना, म्हणजे उरलेली उसळ, आमटी, भात यांना बोरोसिलिकेटचा डबा घ्यावा, आणि शक्यतो चौकोनी पण गोलाव्याच्या कोपऱ्यांचा. चौकोनी डबे फ्रीजमध्ये शेजारी-शेजारी बसतात, आणि कोपरा अगदी काटकोनात असेल तर घासताना तिथे बोट पोचत नाही. फ्रीजरमध्ये आमरस किंवा नारळाचं दूध ठेवायचं असेल तर सरळ भिंतींचा डबा घ्या आणि वर दोन बोटं जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि खांद्याशी आत वळलेल्या बरणीत ते वर न सरकता काच फोडतं. फ्रीजरमधला डबा थेट मायक्रोवेव्हमध्ये नको. आधी रात्रभर फ्रीजमध्ये उतरवून ठेवायचा, मग गरम करायचा. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

न सुटलेलं

काही गोष्टी अजून अधांतरी आहेत. टेम्पर्ड डब्यावर वर्षानुवर्षांच्या घासणीचे ओरखडे पडत गेल्यावर त्याची ताकद किती उरते, यावर घरगुती वापराच्या अंगाने फार थोडं लिहिलं गेलंय. डबा आपोआप फुटल्याच्या तक्रारी येतात त्या बहुधा इथल्या. झाकणातून आणि सिलिकॉनच्या रिंगमधून आपल्या रोजच्या तेल-तिखट-आंबट पदार्थांत काय उतरतं, त्याची तपासणी व्हायला हवी. प्रयोग होतात ते बहुधा पाण्यावर आणि पातळ आम्लावर, कोल्हापुरी रश्शावर नव्हे. काचेची जात डब्याच्या तळाशी ठसठशीत छापावी ही मागणी साधी आहे. ती पुरी झाली तर निम्मा वाद दुकानातच मिटेल.

तोवर दुकानात गेलात की डब्यापेक्षा झाकणाकडे आधी पाहा. खटका चार-पाच वेळा लावून-उघडून बघा, रिंग काढून परत बसवून बघा, आणि बिल करण्याआधी विचारा, "झाकण सुटं मिळतं का?" मिळत नसेल तर पुढचं दुकान बघा.